पंधरावा अपवाद

६ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

आधी नमस्कार, मग बातमी, अशी तुझी शिस्त, म्हणून आधी नमस्कार. आता बातमी: गुरुवार मिळाला!

नीट सांगते, नाहीतर तू म्हणशील, ही अर्ध्यातूनच सुरू करते. गेल्या वर्षी मी तुला औषधांचा डबा दिला ना, तो आमच्याच कंपनीचा. आठवड्याचे अठ्ठावीस कप्पे, दिवसाला चार. वेळ झाली की डबा वाजतो, हिरवा दिवा लागतो आणि तेवढंच एक झाकण उघडतं. अर्ध्या तासात गोळी घेतली नाही तर ते पुन्हा बंद, म्हणजे कुणी चुकून दोनदा घ्यायला नको. हा डबा बनवण्याआधी कंपनीने लोकांना विचारलं होतं. एकदाच. तीन वर्षांपूर्वी चाळीस माणसांना एका थंडगार खोलीत बसवलं, बिस्किटं दिली आणि विचारलं, असा डबा असला तर आवडेल का? तोंडात बिस्किट असताना नाही कोण म्हणणार? त्या एका दुपारची जाडजूड फाइल आहे. कुणी काही शंका काढली की आमचे साहेब ती टेबलावर आपटतात. ‘संशोधन झालेलं आहे,’ म्हणतात.

या साहेबांना आम्ही तारीखसाहेब म्हणतो. त्यांना काहीही सांगा, ते एकच विचारतात, ‘कोणत्या तारखेला?’ गेलं वर्षभर मी त्यांच्यापुढे घसा कोरडा करतेय, की डबा घरात गेल्यावर त्याचं काय होतं ते बघायला हवं, आणि एकदा नाही, दर आठवड्याला. त्यांचं उत्तर ठरलेलं: ‘काय हवंय ते आपल्याला कळलेलं आहे. एवढं काम संपलं की बघू.’ आणि मावशी, तिथे काम कधी संपतच नाही. एक मॉडेल गेलं की दुसरं दारात.

शेवटी परवा कंटाळून ‘हो’ म्हणाले. दर गुरुवारी चार वाजता आमच्यापैकी दोघांनी एका घरी जायचं. एकाने बोलायचं, दुसऱ्याने गप्प बसून बघायचं. डब्याचं चित्र काढणारी, डब्याचा आवाज बनवणारा, पॅकिंगवाला, सगळ्यांची पाळी. पुढच्या गुरुवारपासून सुरुवात.

तुझा डबा कसा चालतोय? खरं लिही हं. फोन केला की तू ‘हो हो, ठीक’ म्हणून ठेवून देतेस, म्हणून पत्रातच विचारते.

तुझी,
चौकशीबाई

—

१४ फेब्रुवारी

चौकशीबाई,

आशीर्वाद घे आणि पोक न काढता वाच. तू वाकून वाचतेस ते मला इथून दिसतं.

गुरुवारचं वाचून बरं वाटलं. इतकी शिकलेली माणसं आणि त्यांना हे आत्ता सुचतंय, याचं हसूही आलं. मी अडतीस वर्षं कपडे शिवले. माप उभ्याने घेतात आणि माणूस दिवसभर बसतो, ही आमच्या धंद्यातली पहिली अडचण. दुकान काढलं त्या वर्षी एका बँकेतल्या कारकुनाचा कोट शिवला होता. आरशासमोर असा फक्कड दिसला की मी स्वतःवरच खूश. नंतर काही कामाने त्याच्या बँकेत गेले, तर हा शर्टात आणि कोट खुर्चीच्या पाठीला. मुंढ्यात काचत होता. बसून लिहायला हात पुढे केला की काखेत कापायचा. मला सांगायला लाजला बिचारा. दुकानातून जाताना ‘छान झालाय’ म्हणाला होता!

तेव्हापासून नियम केला. कपडा नेल्यावर आठ दिवसांनी तो अंगात घालून दुकानात यायचं. मी विचारत काही नसे. बस म्हणायची, वरच्या फळीवरचं ते कापड काढून दे म्हणायची, आणि बघायची कुठे ओढतंय. कसा झालाय असं विचारलं की माणसं छान म्हणतात आणि निघून जातात. लोक हसायचे मला. एक बाई म्हणाली होती, तुम्ही शिंपीण आहात की पोलीस?

डब्याचं विचारलंस. छान चालतोय. वेळच्या वेळी वाजतो, आवाजही गोड आहे. मी उठते, गोळी घेते, झाकण लावते. दिवसातून चारदा तुझी आठवण होते.

फोन करू नकोस. हल्ली माणसं फोनवर पुटपुटतात. तूसुद्धा.

मावशी

—

२४ एप्रिल

प्रिय मावशी,

उत्तराला दोन महिने लावले, कान धर माझा. पण आधी ऐक.

अकरा गुरुवार झाले, अकरा घरं झाली. एका निवृत्त ड्रायव्हरने आमच्या डब्याची सगळी झाकणं स्क्रू ड्रायव्हरने कायमची उचकटून ठेवलीत. गोळ्या शर्टाच्या खिशात. म्हणाला, झाकण माझ्या वेळेला उघडत नाही, आणि त्याच्या वेळेला मी घरी नसतो. एका आजीने डबा रजईत गुंडाळून कपाटात ठेवलाय, कारण वाजला की नातवंड उठतं. एका नवरा-बायकोत मिळून एकच डबा: डावीकडचे कप्पे त्यांचे, उजवीकडचे हिचे, आणि डबा आपला एकाच माणसाचा समजून वाजतोय. एका मास्तरांनी त्याच्यावर फुलदाणी ठेवलीय.

दर शुक्रवारी मी हे बैठकीत सांगते. आणि दर शुक्रवारी तारीखसाहेब काय म्हणतात माहीत आहे? ‘हा अपवाद आहे.’ ड्रायव्हर अपवाद. आजी अपवाद. नवरा-बायको तर दुहेरी अपवाद. अकरा घरं झाली आणि अकराही अपवाद! मग नियम राहतो कुठे ते तरी सांगा, तिथे जाऊन बसते मी. डोकं फुटायची वेळ आलीय.

त्यात बाकीच्यांचा उत्साह ओसरायला लागलाय. पॅकिंगवाल्याला नेमका गुरुवारी ताप येतो. चित्रवाली म्हणते, ‘तू जाऊन ये आणि मला थोडक्यात सांग.’ थोडक्यात काय सांगू? रजई थोडक्यात कशी सांगायची? आवाजवाला तेवढा येतो. तो मुळातच मितभाषी, म्हणून गप्प बसून बघायचं काम त्याला झकास जमतं. डब्याचा तो बारीक, गोड सूर त्याचाच आहे. खूप जपतो त्याला.

एक तुझं पत्र तेवढं गोड. माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर टाचून ठेवलंय. ‘दिवसातून चारदा तुझी आठवण होते.’ अकरा घरांमधून मार खाऊन आले की ते वाचते. निदान एका घरात तरी डबा नीट चाललाय.

तुझी,
चौकशीबाई

—

३ मे

चौकशीबाई,

अक्षर वाकडं आहे, समजून घे. डाव्या हाताने लिहितेय. उजवं मनगट जिन्याच्या कठड्यावर आपटलं. काळजीचं काही नाही. खालच्या दुकानातला चष्मेवाला भला आहे, भाजी वगैरे आणून देतो.

ते पत्र भिंतीवरून काढ. पत्रं भिंतीवर लावायची नसतात.

एक विचारते. त्या अकरा घरांतल्या किती जणांनी तुला दारातच ‘छान चालतोय’ म्हणून सांगितलं होतं?

हात दुखतोय. पुरे.

मावशी

—

१६ मे

मावशी,

आज नमस्कार-बिमस्कार काही नाही. माझं डोकं ठिकाणावर नाहीये.

गुरुवार बंद झाले. आणि बंद कशामुळे झाले? तुझ्या पत्रामुळे!

पत्र काढ म्हणालीस. काढायला हवं होतं. नाही काढलं, कारण मला ते मिरवायचं होतं, हे आता कबूल करते. काल साहेब माझ्या टेबलाशी आले, बोलता बोलता नजर भिंतीवर गेली, आणि त्यांनी टाचणी काढून पत्र सरळ खिशात घातलं. बैठकीत मी चौदाव्या घराचं सांगायला उभी राहिले, तर म्हणाले, ‘बसा. आज मी सांगतो.’ आणि पत्रातला तेवढा डब्याचा भाग मोठ्याने वाचला. वेळच्या वेळी वाजतो. आवाजही गोड आहे. मी उठते, गोळी घेते, झाकण लावते. वाचून झाल्यावर चष्मा काढला आणि म्हणाले, ‘एकाहत्तर वर्षांच्या बाई आहेत. एकट्या राहतात. आपण ज्यांच्यासाठी डबा बनवला त्या अगदी ह्याच. आणि या बाई कुणाच्या मावशी आहेत, तर तक्रारी गोळा करत फिरणाऱ्या आमच्या मॅडमच्या!’ सगळे हसले. आवाजवालासुद्धा लाजून हसला, त्याच्या सुराचं कौतुक झालं ना.

मी म्हणाले, साहेब, हे एक पत्र आहे, मी चौदा घरं पाहिली आहेत. ते म्हणाले, ‘ते अपवाद. काय हवंय ते आपल्याला कळलेलं आहे. नवं मॉडेल तोंडावर आलंय, एवढं काम संपलं की बघू.’ नव्या मॉडेलमध्ये काय असणार आहे, सांगू? तोच सूर, आणखी बारीक, आणखी गोड. तुझ्या पत्राचा मान राखून!

तू विचारलं होतंस किती जणांनी. सगळ्यांनी, मावशी. चौदाच्या चौदा जणांनी दारातच ‘छान चालतोय’ म्हणून सांगितलं. मग आत गेलो की रजई, फुलदाणी आणि स्क्रू ड्रायव्हर. पण हे कुणाला ऐकायचंय? दीड वर्षाची मेहनत एका कागदाने मातीत गेली. तुझा दोष नाही, तू तर कौतुकच केलंस. पण आज तुझ्या अक्षराचासुद्धा राग येतोय.

मनगटाला शेक दे.

चौकशीबाई

—

२१ मे

मुली,

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. तिसऱ्यांदा जे होईल ते पाठवणार आहे.

डबा वाजतो की नाही, मला माहीत नाही. मी तो कधी ऐकलेलाच नाही.

चष्मेवाला म्हणतो वाजतो, जिन्यापर्यंत ऐकू येतो. असेल. मला जाड आवाज येतात. दार आपटलं, ट्रक गेला, शिलाई मशीन चाललं, तर कळतं. बारीक आवाज जाऊन चार वर्षं झाली. दुकान मी डोळ्यांमुळे बंद केलं असं सगळ्यांना सांगितलं, तुझ्या आईलाही. माझे डोळे ठणठणीत आहेत. सुईत दोरा आजही एका झटक्यात ओवते. पण गिऱ्हाईक आरशाकडे तोंड करून बोलायला लागलं की मला त्याचे ओठ दिसायचे नाहीत, आणि मी नुसती मान हलवायची. असं किती दिवस चालणार? डोळे अधू झालेल्या माणसाला लोक हात धरून नेतात. बहिऱ्यावर खेकसतात. म्हणून डोळे म्हटलं.

तुझा डबा आला तेव्हा मला फार आनंद झाला होता, हे खोटं नाही. पहिले दोन महिने मी वेळेच्या आधी पंधरा मिनिटं त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायची. दिवसातून चारदा, पाहुण्याची वाट बघावी तशी. हिरवा दिवा लागला की गोळी घ्यायची. कधी डुलकी लागायची, कधी गॅसवर दूध असायचं. परत येऊन बघते तर झाकण बंद. माझीच गोळी, आत दिसतेय, आणि मला मिळत नाही! एकदा तर मी त्याला चापट मारली.

मग गोळ्या काढून बटणांच्या खोक्यात ठेवल्या. ते जुनं सोळा घरांचं खोकं, तुला खेळायला द्यायचे ते. शर्टाच्या बटणांच्या घरात सकाळच्या, कोटाच्या बटणांच्या घरात रात्रीच्या. तुझ्या डब्यावर रुमाल घातला आणि तो फळीवर ठेवला. खोक्याला काही कळत नाही, आधी घेतलीस का असं ते विचारत नाही. एप्रिलच्या शेवटी मी सकाळची रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली. जिना उतरताना गरगरलं. सहा पायऱ्या. मनगट आपटलेलं नाही, मोडलंय. प्लास्टर आहे. चष्मेवाल्याने दवाखान्यात नेलं.

तू विचारलंस आणि मी छान म्हणाले. ज्या एका शब्दासाठी अडतीस वर्षं गिऱ्हाइकांना हसले, तोच शब्द. तोही, तो कसा खोटा असतो ते पान भरून सांगून झाल्यावर, त्याच पत्रात. तू इतक्या हौसेने दिलेली वस्तू, तिला नावं कशी ठेवू? पण त्या एका शब्दाने तुझे गुरुवार गेले. माझी मला लाज वाटते.

आता तुझं. मलाही राग येतो, आणि तो सांगणार आहे. तू चौदा परक्या घरांत जाऊन बसलीस. माझ्या घरी दीड वर्षात आली नाहीस. मी फोन का टाळते, हे तू, चौकशीबाई, एकदाही विचारलं नाहीस. पुटपुटतात म्हटलं आणि तुला पटलं. एकाहत्तर वर्षांची बाई म्हणते की सगळं जग पुटपुटतं, आणि तुला त्यात काही वावगं दिसलं नाही?

हे पत्रही भिंतीवर लाव. साहेबांना दे. त्यांना मोठ्याने वाचायची हौस आहे ना, वाचू दे.

मावशी

—

३ जून

मावशी,

गुरुवारी मी दारात उभी राहिले आणि पाच मिनिटं घंटा वाजवत होते, ते मला आयुष्यभर पुरेल. मग आवाजवाला म्हणाला, ‘दार ढकला.’ उघडंच होतं. तू पाठमोरी, प्लास्टरच्या हाताने कापड दाबून डाव्या हाताने कातरत होतीस.

तुझ्याकडे मी जे रडले ते पुन्हा लिहीत नाही. रागावलेही होते, तेही तू पाहिलंस. पण एक सांगायचं राहिलं. चार वाजता फळीवरचा डबा रुमालाखाली वाजायला लागला. पूर्ण अर्धा तास, थांबून थांबून. आवाजवाला तुझ्याकडे बघत होता, आणि तू त्याला कातरीची धार कशी बघतात ते दाखवत होतीस. परतीच्या बसला दोन तास लागतात, तो खिडकीबाहेर बघत होता. उतरताना म्हणाला, ‘मी तो सूर माझ्या कानांनी निवडला. माझं वय सव्वीस.’

शुक्रवारी बैठकीत मी तुझं पत्र वाचलं. अथपासून इतिपर्यंत, चापटीसकट. मध्ये एकदा थांबून पाणी प्यायले, पुन्हा वाचलं. संपल्यावर मला वाटलं, आता तरी. तारीखसाहेब दोन मिनिटं पेन फिरवत बसले आणि म्हणाले, ‘वाईट वाटलं ऐकून. बाईंना बरं वाटू दे. पण असं आहे, की हा अपवाद आहे.’

मावशी, मला खरंच वाटलं की उठावं आणि फाइल खिडकीबाहेर फेकावी. पंधरावा अपवाद! मी तोंड उघडणार, तेवढ्यात टेबलावरचा डबा वाजायला लागला. चार वाजले होते. तुझाच डबा, मी पुरावा म्हणून आणलेला. आम्ही सगळे त्याच्याकडे बघायला लागलो. आणि साहेब बोलतच होते. नव्या मॉडेलच्या तारखा सांगत होते. डब्याची पाठ त्यांच्याकडे होती, दिवा आमच्या बाजूला. चित्रवाली माझ्याकडे बघते, मी आवाजवाल्याकडे बघते, आणि साहेब आपले जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर.

शेवटी त्यांच्या लक्षात आलं की आपल्याकडे कुणी बघत नाहीये. ‘काय झालं?’

मग आवाजवाला म्हणाला, ‘साहेब, डबा वाजतोय.’

‘कधीपासून?’

‘पाच मिनिटं झाली.’

त्यांनी डबा हातात घेतला. फिरवून हिरवा दिवा बघितला. कानाला लावला, आधी एका, मग दुसऱ्या. मावशी, त्यांचा चेहरा बघवेना. वर्षभर ज्या माणसाचा मला इतका राग होता, त्याच्याकडे मला बघता येईना. ते उठून गेले, फाइल टेबलावरच राहिली.

काल कागद आला. गुरुवार पुन्हा सुरू, ‘प्रायोगिक तत्त्वावर’. सूर बदलायचा. माफी नाही, काही नाही. नसेना का. महिन्यातला पहिला गुरुवार मी तुझ्या नावाने लिहिलाय. दर महिन्याला.

तुझी,
चौकशीबाई

—

१० जुलै

चौकशीबाई,

प्लास्टर निघालं. हात काडीसारखा झालाय. कानाचं यंत्रही घेतलं. पहिल्या दिवशी कळलं की माझ्या नळातून पाणी ठिबकतं, आणि चष्मेवाला गातो. दोन्ही गोष्टी ऐकू येत नव्हत्या तेव्हा बरं होतं. यंत्र मी दुपारी काढून ठेवते, कानात काचतं. ते बनवणाऱ्यांनाही गुरुवार हवेत.

तू गेल्या आठवड्यात येऊन बसलीस, काही विचारलं नाहीस, डाळिंब सोलत नुसती बघत राहिलीस. असंच बसायचं असतं. नव्या आवाजाचा कच्चा डबा ठेवून गेलीस तो टेबलावर गुरगुरतो, मला यंत्राशिवायही कळतो. आवाजवाल्याला सांग. कच्ची शिलाई बरी झाली आहे, पण ती अजून कच्चीच आहे.

पुढच्या गुरुवारची वाट बघते.

मावशी

—

७ ऑगस्ट

प्रिय मावशी,

काल येऊ शकले नाही, रागावू नकोस. नव्या डब्याने सगळ्यांची झोप उडवलीय. आनंदाची बातमी, मला या मॉडेलची प्रमुख केलंय. त्यामुळे सध्या इतरांचेही गुरुवार थोडे पुढे ढकललेत. तसंही आता काय हवंय ते आम्हाला कळलंय, तुझ्यामुळेच! एवढं काम संपलं की नक्की येते.

घाईत,
चौकशीबाई

—

४ सप्टेंबर

चौकशीबाई,

कालही कुणी आलं नाही. चार वाजता मी यंत्र कानात घालून बसले होते. दारावर घंटा वाजली असती तर पहिल्यांदा ऐकली असती.

तुझं चार ओळींचं पत्र पुन्हा वाचलं. ‘काय हवंय ते आम्हाला कळलंय. एवढं काम संपलं की.’ हे वाक्य मी आधी वाचलं होतं. पेटीतून तुझी जुनी पत्रं काढून बघितलं. सहा फेब्रुवारीच्या पत्रात आहे, सोळा मेच्या पत्रात आहे. तिथे ते तारीखसाहेबांच्या तोंडी आहे आणि तू त्यांना हसली आहेस. शब्द बघ, नावालाच बदललेत. प्रमुख झाल्याबद्दल अभिनंदन. खुर्चीबरोबर वाक्यही मिळालेलं दिसतंय.

तो कारकून आठवतो? त्याचा कोट मी सुधारून दिला. फार छान बसला. मग मी ठरवलं की याचं माप मला आता पाठ आहे. पुढचे तीन कोट त्याला न बघता शिवले, आठ दिवसांचा नियमही त्याला माफ केला. चौथ्या वेळी तो आला तेव्हा एक खांदा उतरला होता. त्याला काहीतरी दुखणं झालं होतं, आणि तो माझे कोट वर्षभर एका बाजूला ओढून घालत होता. एकदा बघितलं होतं ना, म्हणून पुन्हा बघावंसं वाटलं नाही.

नव्या डब्यात एक गोष्ट चुकली आहे. मी रोज त्याच्याशी भांडते. काय चुकलंय ते लिहिणार नाही. तू पत्रात विचारलंस तर छान चालतोय म्हणून सांगेन.

मावशी

—

१० सप्टेंबर

मावशी,

तुझं पत्र आत्ता बैठकीत उघडलं. आज पहिला गुरुवार नाही, दुसरा आहे. मी सगळ्यांना तारखा सांगत होते. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर.

वाचून कागद खाली ठेवला, तेव्हा तारीखसाहेब माझ्याकडे बघत होते. टेबलाच्या पलीकडच्या टोकाला बसतात हल्ली, कानात त्यांच्याही यंत्र आहे. म्हणाले, ‘चारला पोहोचायचं तर दोनची बस पकडायला हवी.’ त्यांनी लांबूनच तुझं अक्षर ओळखलं.

हे पत्र टपालात टाकत नाही. बसमध्ये लिहितेय, म्हणून अक्षर वाकडं आहे, समजून घे. चार वाजता तुझ्या हातात देईन. तू वाचशील तेव्हा मी समोरच्या स्टुलावर बसलेली असेन आणि काही विचारणार नाही.

चौकशीबाई